तुझ्या वाटची प्रार्थना आम्ही करू

प्रिय बाळा,

तुला, जावयांना आणि माझ्या नातवाला आईचे अनेक आशीर्वाद. जय ख्रिस्त.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, गुडघे टेकते, पण तोंडून शब्दच निघत नाही." वर त्या चर्चमधल्या बाईंचं बोलणंही सांगितलंस, की तुमचा विश्वास पक्का असता तर जावयांची किडनी एव्हाना बरी झाली असती. तेवढ्यात सिस्टरने हाक मारली आणि आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या बाईंचं. त्यांनी जे सांगितलं ते पवित्र शास्त्राला धरून नाही, हे मी तुला ठामपणे सांगते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभूने सांगितलं, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं, त्याचे दोष काढले आणि शेवटी देवाचा राग त्या मित्रांवरच झाला. प्रेषित पौलाने तर शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे." आता पौलाचा विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल?

शब्द सुचत नाहीत तर नवे शब्द शोधू नकोस. 88वं स्तोत्र काढ. रडून सुरू होणारी बहुतेक स्तोत्रं शेवटी देवाच्या स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. तरी आपल्या वाडवडिलांनी ते पवित्र शास्त्रातून काढून टाकलं नाही, कारण अंधारातून मारलेली हाकही देवालाच मारलेली असते. प्रभू येशूने वधस्तंभावर काय म्हटलं ते आठव. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. त्या घटकेला त्यानेसुद्धा लहानपणापासून ऐकलेले जुनेच शब्द तोंडात घेतले. तेव्हा तुझ्या मनात देवाबद्दल राग असेल तर तोही त्यालाच सांग. चांगली मुलगी म्हणून देवासमोर हसरं तोंड करून बसायची गरज नाही.

आणि तेही जमत नसेल तर काहीच करू नकोस. हे मी मनापासून लिहिते आहे. कफर्णहूमातला तो पक्षाघाती आठवतो? चौघांनी त्याला बाजेसकट उचलून आणलं. गर्दीमुळे आत जाता येईना, तेव्हा छप्पर उघडून त्याला खाली सोडलं. शुभवर्तमानात मार्क लिहितो, येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. बाजेवरचा माणूस प्रभूजवळ पोचेपर्यंत एक शब्दही बोललेला नाही. सध्या त्या बाजेवर जावई एकटे नाहीत, तूही आहेस. ती उचलायला आम्ही आहोत. इथे महिला मंडळाच्या प्रार्थनेत तुमची दोघांची नावं दर आठवड्याला घेतली जातात. तुझा मामा, ज्याला चार लोकांत बोलता येत नाही, तो पहाटे उठून तुमच्यासाठी प्रार्थना करतो. म्हणून तुझ्या वाटची प्रार्थना आता आमच्याकडे दे. तुला शब्द सुचू लागले की परत घे.

पण उचलू द्यायला हवं ना, बाळा! तिथल्या मंडळीतल्या बायका पाळीने डबा देतो म्हणाल्या आणि तू संकोचाने नको म्हणालीस. तसं करू नकोस. त्यांना स्पष्ट सांग, मीठ अगदी कमी, बटाटा आणि पालेभाजी उकडून ते पाणी टाकून द्यायचं, केळी आणि नारळपाणी चालत नाही. सांगितलं तर लोक आनंदाने करतात.

आणखी एक. कोणी म्हणालं की आता फक्त प्रार्थनेवर राहा, डायलिसिस सोडा, तर त्यांना पाणी द्या आणि निरोप द्या. जुन्या करारातला हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. आठवड्यातून तीनदा चार-चार तास त्या मशीनला बांधून राहणं किती जड आहे ते मला दिसतं. जावयांच्या हाताचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई लावायला केलेली रक्तवाहिनीची जोड, जपा. पाणी मोजून द्या. तेही देवाचंच काम समजून करा.

दौंडवरून पुण्याला येताना केडगाव स्टेशन लागतं, तेव्हा मला नेहमी पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. 1880 साली भाऊ गेला. 1882 साली नवरा पटकीने गेला, तेव्हा लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून दुःख त्यांच्या दाराशी यायचं थांबलं का? 1921 साली, केडगावला त्यांनी निराधार बायकामुलींसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनच्या कामात त्यांचा उजवा हात झालेली मनोरमासुद्धा गेली. आईच्या डोळ्यांदेखत एकुलती एक लेक. मला ते वाचवत नाही. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम या बाईंनी सोडलं नाही, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः प्रभूकडे गेल्या. स्वतः उपाशी दिवस काढले होते, म्हणून 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुली त्यांना परक्या वाटल्या नाहीत. त्यांना केडगावला आणलं, जेवू घातलं, शिकवलं. आशा म्हटली की मला हे दिसतं: रडणं आणि काम, दोन्ही एकाच घरात.

मी देवाकडे सरळ किडनीच मागते. किडनी मिळण्याच्या यादीत नाव लागलं आहे, तुझ्या सासूबाईंच्या तपासण्या चालल्या आहेत, त्यातलं काहीतरी जुळू दे म्हणून रोज मागते. जुळेल की नाही ते मला ठाऊक नाही. पण आपली आशा रक्ततपासणीतल्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर टांगलेली नाही, ती प्रभू उठला त्या रिकाम्या कबरेवर उभी आहे. मेलेल्या लाजराला उठवणार हे माहीत असूनही प्रभू त्याच्यासाठी रडला. तेव्हा तू रडलीस म्हणून विश्वास सोडलास असं मी कधीही समजणार नाही.

मी शुक्रवारी निघते. शनिवारी जावयांसोबत डायलिसिसला मी बसेन, तू घरी झोप. नातवाला काही सांगितलं नसेल तर आपण दोघी मिळून सांगू, मुलांना घरात काय चाललंय ते कळतच असतं. फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार एका फाईलमध्ये काढून ठेव. योजनेच्या खिडकीशी मी रांगेत उभी राहीन.

तुझी,
आई