आग गुडघ्याला, बंब खुब्याला

अमळनेर,
पौष महिना

प्रिय आप्पा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी एका पायावर उभा होतो, म्हणून घाईत ठेवला. रागावू नकोस.

कापूस वेचणीत उजवा गुडघा असा धरला की ओट्याच्या तीन पायऱ्या उतरताना भिंत चाचपायला लागलो. तेल झालं, निरगुडीचा शेक झाला, पट्टा झाला. शेवटी जळगावला फिजिओथेरपीला गेलो. पोरगी आपल्या लेकींच्या वयाची. गुडघा दाबून पाहिला अन् म्हणाली, "काका, आता या पायावर उभे राहा." राहिलो, तर डावी कंबर खाली कलली आणि ७ सेकंदांत हात भिंतीला! मग तिने खुब्याचेच व्यायाम दिले. मनात म्हटलं, आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

पण हिशेब पटला. चालताना साधारण ८० टक्के वेळ आपण एकाच पायावर असतो. तेवढा वेळ कंबर सपाट धरायची ती खुब्याच्या बाहेरच्या स्नायूने, ग्लुटियस मीडियस त्याचं नाव. तो ढिला पडला की कंबर पलीकडे झुकते, मांडी आत वळते, तोल जातो आणि ताण गुडघ्यावर येतो. कंबर कलण्याची ही खूण ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जनने १८९५ मध्येच खुब्याच्या रोग्यांत टिपली होती. त्यात गुडघा दुखतो म्हणून आपण त्या पायावर भारच टाकत नाही, मग स्नायू आणखी सुकतो.

व्यायाम दिसायला पोरखेळ. कुशीवर निजायचं, वरचा पाय सरळ ठेवून हातभर उचलायचा. पहिले दोन आठवडे मी तो चुकीचा केला. अंग नकळत मागे कलंडायचं, बोटं आढ्याकडे व्हायची, मग सगळं काम मांडीचा पुढचा भागच करायचा. आता पाठ भिंतीला टेकवून निजतो, टाच वर सरकवत नेतो. दहाव्या वेळेला खुब्याच्या बाजूला असं पेटतं की विचारू नकोस. त्यानंतर चौकट धरून एका पायावर. आई चुलीवर वांगी भाजताना म्हणाली, "काय रे, बगळा व्हयना का तू?"

दीड महिना झाला. २० सेकंद टिकतो, पायऱ्या हात न लावता उतरतो. गुडघ्यातली गादी झिजलेली आहे ती काही परत येणार नाही, बसून उठताना अजून कुरकुर होतेच.

तू काठी दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतोस ना? मीही तसंच करायचो. दुसऱ्या हातात धर, खुब्यावरचा भार तिथेच कमी होतो. मात्र गुडघा सुजून गरम झाला असेल तर आधी डॉक्टर, माझं पत्र नंतर.

वैशाखात सखाराम महाराजांच्या रथाला येतोस ना? बोरी नदीच्या वाळूतून चालायचंय, आत्तापासून लाग. भरताची वांगी मात्र तोवर थांबायची नाहीत, त्यासाठी आधीच ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू