चाळकेवाडीच्या आबांना

आबा, साष्टांग नमस्कार.

तुमच्या नातवानं दिलेल्या नंबरवर हे पत्र पाठवतोय, तो वाचून दाखवील. तरीही सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलंय. ठोसेघरच्या पुढं पठारावर सायकल घेऊन येणाऱ्यांची वर्दळ वाढतेय, आणि त्या दिवशी तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते त्यांच्याही कानावर पडायला हवं.

एप्रिलमधला शनिवार होता. आम्ही दोघं पहाटे साडेचारला साताऱ्यातून निघालो. सज्जनगडचा फाटा अंधारातच मागं पडला आणि ठोसेघरचा चढ संपता संपता फटफटलं. चाळकेवाडीच्या पुढं डांबर सोडलं की एका पवनचक्कीपासून दुसरीपर्यंत तांबड्या मुरमाचे रस्ते जातात. आमच्या ग्रॅव्हल सायकली अशाच रस्त्यांसाठी असतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकडं, टायर मात्र ४० मिलिमीटर रुंद. खडी, माती, जांभा, सगळ्यावर चालतात. निदान आमचा तसा समज होता.

माझ्या मोबाइलवरच्या नकाशात एक तुटक रेघ होती. मुरमाचा रस्ता सोडून ती सरळ सड्यावर, म्हणजे उघड्या जांभ्या कातळावर चढत होती, पठाराच्या पश्चिम कडेला जात होती आणि तिथून जंगलात, खाली कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या दिशेनं उतरत होती. ती रेघ बघून मी महिनाभर तो बेत आखला होता. सड्यावर चढून पाव किलोमीटरही गेलो नसू, जांभ्याच्या धारेवर मागचं चाक घासलं आणि टायरची कूस अंगठ्याएवढी फाटली. आत भरलेला पांढरा चीक फुस्सदिशी बाहेर आला. ट्रेडला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाला भोक पडलं तर तो चीक ते बुजवतो, पण फाटलेल्या कुशीपुढं त्याचं काही चालत नाही. पंक्चर काढण्याचं सगळं सामान जवळ असून आम्ही तिथं नुसते उभे होतो.

तेवढ्यात म्हशींच्या मागून तुम्ही आलात. काय झालं, कुठले, कशाला, असलं काही विचारलं नाहीत. वाकून टायर चिमटीत धरलात, फट उघडून पाहिलीत आणि म्हणालात, "शिवाय लागंल. चला घरला."

ते शिवणं मी अजून विसरलेलो नाही. पडवीत बसून तुम्ही पोती शिवायचा दाभण काढलात. नायलॉनचा दोरा मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोनदा ओढलात. फाटीच्या कडेपासून बोटभर आत टाका घेतलात, कारण कडेवर घेतला तर ताण पडताच रबर परत उसवेल. एक टाका सरळ, एक आडवा, गोधडीला घालावेत तसे. आतून मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून लावलात, फाटीपेक्षा चांगला तीन बोटं लांब, म्हणजे गाठी आतल्या ट्यूबला टोचणार नाहीत. हे सगळं कुठं शिकलात असं विचारलं, तर "ताडपत्री बी अशीच शिवत्यात" एवढंच म्हणालात.

आणि ते पाणी, आबा. माझ्या बॅगेतली जादा ट्यूब कित्येक महिने घडी करून पडलेली, तिलाही कुठंतरी बारीक भोक. ते शोधायला ट्यूब पाण्यात बुडवायला हवी. आजींनी हंड्यातलं पाणी घमेल्यात ओतलं. एप्रिल महिना, पठारावर पाण्याची किती ओढ असते ते मला त्या वेळी कळलं नव्हतं. दारात ओळीनं मांडलेले हंडे बघून नंतर कळलं. बुडबुडे दिसले, ठिगळ लागलं, आणि आजींनी तेच घमेलं उचलून रेडकापुढं ठेवलं. एक थेंब सांडला नाही. आमच्या बाटल्या भरून दिल्यात त्याही त्याच हंड्यातून. आजींना माझा वेगळा नमस्कार सांगा. नाचणीच्या भाकरीचेही आभार मानायचेत, पण आधी त्या पाण्याचे.

टायर चढवताना मी तुम्हाला मोबाइलवरची रेघ दाखवली आणि विचारलं, आता इथून पुढं कसं जायचं? तुम्ही स्क्रीन डोळ्यांजवळ नेलीत आणि बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, "ही आमच्या थोरलीची वाट."

थोरली म्हणजे तुमची बहीण. तिला खालच्या गावात दिली होती. सणाला ती याच वाटेनं माहेरी चढून यायची, कडेवर पोर आणि डोक्यावर गाठोडं. कुठं कुठं विसावा घ्यायची तेही तुम्ही बोटावर मोजून सांगितलंत. पुढं कोयना अभयारण्य झालं, ते १९८५ साल. गावं उठत गेली, त्यात तिचंही उठलं आणि वाट कारवीनं गिळली. आता तो सगळा उतार सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे आणि परवानगीशिवाय आत शिरणं हा गुन्हा आहे. "गाव न्हाई तर वाट कशाला ऱ्हाईल पोरा," म्हणालात. नकाशाला मात्र हे कुणी कळवलेलं नव्हतं.

सड्यावरून जाऊ नका, हेही तुम्हीच सांगितलंत. कातळावर माती असते वितभरसुद्धा नाही, आणि पावसाळ्यात सगळी फुलं तेवढ्याच मातीत येतात. चाकाची एक चाकोरी पडली की पाणी तिथूनच वाहतं आणि माती घेऊन जातं. मग दाराबाहेरच्या धोंड्याकडं बोट केलंत. त्यावर सरडा मान उंचावून बसला होता. त्यानं गळ्याखालचा पंखा उघडला. निळा, मध्ये काळा, कडेला नारिंगी. मी आयुष्यात इतका देखणा सरडा पाहिला नव्हता. या दिवसांत नर असेच धोंड्यांवर चढून बसतात आणि आम्ही नेमके त्या धोंड्यांमधून चाकं घालत होतो.

घरी आल्यावर मी वाचलं. तुमच्या दारातल्या सरड्याची २०१६ साली नवी जात म्हणून शास्त्रात नोंद झाली, ती चाळकेवाडीच्या पठारावरूनच. त्याच्या प्रजातीचं (genus) शास्त्रीय नाव 'Sarada' ठेवलंय, आपल्या मराठी 'सरडा' या शब्दावरून. आणि तुम्ही म्हणाला होतात ना, "चक्क्या आल्यापास्नं घारी कमी झाल्या, सरडं मोप झालं"? याच पठारावरच्या अभ्यासात २०१८ साली तेच छापून आलं. पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आणि सरडे जास्त. तुम्ही म्हशींमागून चालता चालता हेरलेली ही गोष्ट.

निघताना तुम्ही दुसरी वाट दिलीत. "चक्क्यांची पाती ज्या रस्त्यानं आली त्या रस्त्यानं जावा." किती साधी आणि किती पक्की खूण! लांबलचक पाती वाहणाऱ्या गाड्यांना अवघड वळण आणि उभा चढ चालत नाही, म्हणून ते रस्ते रुंद वळणांचे आणि बेताच्या चढाचे. खाली मुरूम दाबून बसवलेला. ग्रॅव्हल सायकलला याहून चांगलं काही मागता येणार नाही. फाट्यापर्यंत तुम्ही बरोबर चालत आलात, म्हशी नातवावर सोपवून. तिथून वनकुसवड्याच्या बाजूनं आम्ही पाटणला उतरलो. हवा बेताचीच ठेवली होती, उतारावर दर वळणाला मी मागं वळून टायर बघत होतो. एक टाका सुटला नाही.

पैसे काढले तर तुम्ही हात मागं घेतलात आणि उलट दाभणच माझ्या बॅगेत खोचलात, वर दोऱ्याचं रीळ. दोन्ही खोगिराखालच्या पिशवीत आहेत. परवा लोणंदजवळ एका अनोळखी मुलाचा टायर त्याच दाभणानं शिवला. माझे टाके तुमच्यासारखे सारखे नाही आले, पण तो घरी पोहोचला.

मार्गाची जी फाइल मी मित्रांना पाठवत असे, तिच्यातून ती तुटक रेघ काढून टाकलीय. ज्यांच्याकडं आधी गेली होती त्यांना एकेकाला फोन करून सांगितलं. तिच्या जागी तुमचा रस्ता घातला आणि सोबत लिहिलं : सड्यावर चाक घालू नये, पश्चिमेच्या जंगलात उतरू नये, पाणी साताऱ्यातूनच पुरेसं भरून न्यावं, वाड्यांवर मागू नये.

रेघ माझ्या वहीत मात्र ठेवलीय. तिच्यावर थोरल्या आत्यांचे विसावे लिहिलेत. उंबराखालचा झरा, शेंदूर लावलेला धोंडा, मग दोन आंब्यांमधली सपाटी. चौथा तुम्ही सांगितला होता, तो माझ्या ध्यानातून गेला. दिवाळीनंतर येतोय, तेव्हा वही घेऊन येईन. तेवढा सांगा.

तुमचा,
फाटक्या टायरवाला