पुरस्कार कुणाला ते कळले, कशाबद्दल ते राहिले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर उजाडला की आपल्या दैनिकात वैद्यकशास्त्राच्या नोबेलची बातमी येते. त्याआधी सप्टेंबरात अमेरिकेतला लास्कर पुरस्कार जाहीर होतो, त्याला बहुधा आतल्या पानावर चार ओळी मिळतात. दोन्हींचा साचा ठरलेला: नाव, देश, विद्यापीठ, रक्कम रुपयांत किती, आणि मानकरी भारतीय वंशाचा निघालाच तर त्याचे आजोळ. पुढे ‘मोलाच्या योगदानाबद्दल’ असे म्हणून बातमी संपते. ते मोलाचे काम नेमके कोणते, एवढेच तेवढे राहून जाते.

मी निवृत्त आरोग्य सेवक. उमेदीची सगळी वर्षे पंढरपूर तालुक्यातल्या उपकेंद्रांत गेली. ताप आलेला माणूस दिसला की त्याचे बोट टोचायचे, काचपट्टीवर रक्त घ्यायचे आणि पट्टी तपासायला पाठवायची. फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार, निघाला तर नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आम्ही आर्टेसुनेटच्या गोळ्या द्यायचो. २०१५ साली ‘चीनच्या तू यूयू यांना नोबेल’ असा मथळा मी वाचला आणि पान उलटले. माझ्या पिशवीतली गोळी त्याच बाईंच्या शोधातून आली आहे, हे मला फार उशिरा, पुतण्याच्या मोबाईलवर कळले. चिनी वैद्यकातल्या जुन्या ग्रंथात एक वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. उकळल्याने गुण जात असणार, असा तर्क त्यांनी त्यावरून बांधला आणि कमी उष्णतेवर अर्क काढला. लास्करने त्यांना २०११ मध्येच ओळखले होते, नोबेल चार वर्षांनी मिळाले. लास्करचे मानकरी पुढे नोबेलला दिसतात असे पुष्कळदा घडते, म्हणून त्या चार ओळींकडे मी आता जास्त लक्ष देतो.

पण ज्यांच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो त्या डॉ. दिलीप महालनबीसांना यांपैकी काहीच मिळाले नाही.

आषाढीला वाखरीत पालख्या टेकल्या की आमची ड्युटी तंबूत असे. एका वर्षी मराठवाड्याकडची एक म्हातारी आणली. रात्रीपासून जुलाब, डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. शुद्धीवर होती, घोट घेता येत होता. मी जलसंजीवनीची पुडी लिटरभर पाण्यात कालवून पेला पुढे केला तर सून माझ्यावरच चढली, ‘पाणी काय पाजताय माऊली, सलाईन लावा की!’ म्हातारीनेही तोंड फिरवले. मग चमच्याने सुरुवात केली, एक चमचा, थोडे थांबायचे, पुन्हा एक. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. दुपार कलायच्या सुमारास तिने स्वतःहून पेला ओढून घेतला आणि दिंडी कुठवर गेली ते विचारले.

त्या पुडीत असते काय? साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम साधे मीठ, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. जुलाबात नुसते पाणी आतड्यात टिकत नाही, पण साखर आणि मीठ योग्य प्रमाणात असले की आतडे ती दोन्ही जोडीने आत ओढते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यातसुद्धा, ही वाट उघडी राहते. ढाक्यात १९६८ साली डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रुग्णांवर हे दाखवून दिले होते. तरी मोठे डॉक्टर सलाईन सोडायला तयार नव्हते. (वाखरीची सून तरी कुठे होती!)

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले आणि सीमेवरच्या बनगावात पटकी पसरली. कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोचले तेव्हा रुग्ण जमिनीवर पडलेले होते, उलट्या-जुलाबाच्या राड्यात गुडघे टेकून सलाईन लावावी लागे. सलाईन संपत आली तेव्हा त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोजचे पाणी तोटीच्या पिंपांत भरले आणि पाजायचे काम नातेवाइकांवर सोपवले. शंभरात तीसच्या आसपास माणसे दगावत होती, ती तीन-चारवर आली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या उपायाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. महालनबीसांना २००२ मध्ये पोलिन आणि २००६ मध्ये थायलंडचा प्रिन्स महिडोल पुरस्कार मिळाला, पण आपला पद्मविभूषण २०२३ मध्ये जाहीर झाला. ऑक्टोबर २०२२ मध्येच ते गेले होते. नोबेल तर मरणोत्तर देतच नाहीत.

पटकीचे जंतू विष सोडतात हे १९५९ मध्ये सिद्ध करणारे कोलकात्याचेच डॉ. शंभूनाथ डे. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते. आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

उलट गावोगाव ‘रत्न’, ‘भूषण’ यांना तोटा नाही. दातांचा दवाखाना असलेल्या माझ्या भाच्याला मागच्या वर्षी फोन आला, ‘डॉक्टर, तुमची निवड झाली आहे.’ कशाबद्दल, असे त्याने विचारले तर समोरच्याने नोंदणी शुल्काचा आकडा सांगितला. फेटा, ट्रॉफी, जेवण आणि पेपरात फोटो, सगळे त्यातच. भाचा गेला नाही. पण तसले फोटो आपल्या पुरवणीतही छापून येतात, रागावू नका, म्हणून लिहितो.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. यंदा नोबेल आणि लास्करच्या बातमीत रकमेची ओळ गाळा आणि त्या जागी काम काय ते आठवीच्या पोराला कळेल असे लिहा. आपल्या शहरात वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथले कुणीही प्राध्यापक दोन परिच्छेद आनंदाने लिहून देतील.

दुसरी गोष्ट डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची. त्यांचा जन्म सोलापुरातला, १० ऑक्टोबर १९१०. वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर होते ते साधारण त्याच सुमारास. चीनमध्ये जखमींची शुश्रूषा करता करता ते गेले ९ डिसेंबर १९४२ ला, आणि नोबेलचे वितरण असते १० डिसेंबरला. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात १० ऑक्टोबरला हार घातला जातो. त्याच संध्याकाळी तासभर, त्या वर्षीचा शोध काय आहे हे मराठीत समजावून सांगणारा एक माणूस उभा करता आला तर पाहा. शाल-श्रीफळ नको, प्रास्ताविक तर मुळीच नको. आपल्या दैनिकाने पुढाकार घेतला तर शाळांचे मुख्याध्यापक मुले पाठवतील.

पहिल्या वर्षी वक्ता मिळाला नाही तर जलसंजीवनीचे प्रात्यक्षिक मी करून दाखवीन. लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. भांडे आणि चमचा घरून आणतो.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सेवक
सोलापूर