पॅलिएटिव्ह म्हणजे फक्त कॅन्सर नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या नानांना पार्किन्सन (हातपाय थरथरणं, हालचाल मंदावणं असा मेंदूचा आजार) होऊन नऊ वर्षं झाली. दर तीन-चार महिन्यांनी चोपड्याहून तापी ओलांडून जळगावला न्यायचं, नंबर लावून अर्धा दिवस बाकावर बसायचं, आत गेलं की डॉक्टर हात हलवून बघणार, गोळ्या वाढवणार, झालं. डॉक्टरांना दोष नाही देत, बाहेर गर्दी असते. पण घरी काय चाललंय ते विचारायला कोणाला वेळच नाही.

नाना पाणी पिताना ठसकायचे, आम्हाला वाटायचं घाई करतात, आई तर रागवायची पण. मग नात्यातल्या एका नर्सनं सांगितलं की या आजारात गिळणंच मंदावतं, पातळ पाणी जास्त त्रास देतं, नीट बसवून हनुवटी जरा खाली घेऊन घोट घोट द्या, नाहीतर छातीत जाऊन न्यूमोनिया होतो. आणि लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनची नेहमीची गोळी दूध-वरणासोबत दिली की प्रोटीनमुळे नीट लागू पडत नाही, जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायची. आम्ही इतकी वर्षं दुधासोबतच देत होतो! हे ओसरीवर चहा पिता पिता कळलं, दवाखान्यात नाही.

एका ठिकाणी पॅलिएटिव्हचं, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं विचारलं तर म्हणे ते कॅन्सरवाल्यांचं, शेवटच्या दिवसांचं. अहो, केंद्राचा पॅलिएटिव्ह केअरचा कार्यक्रम २०१२ चा आहे, आयुष्मान आरोग्य मंदिर या सरकारी आरोग्य केंद्रांच्या सेवांमध्येही ते नाव आहे. पार्किन्सन, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस), मोटर न्यूरॉन, हे मेंदू-नसांचे, बरे न होणारे, हळूहळू वाढणारे आजार, पार्किन्सनमध्ये तर माणूस दहा-पंधरा वर्षंही काढतो, त्याला कॉट कशाला पाहिजे, ओपीडी पाहिजे. तिथं बघायचं ते हे: गिळणं, बद्धकोष्ठ, झोप, रात्रीचे भास (नाना मध्यरात्री उठून "माले घर लई चाल" (मला घरी घेऊन चल) म्हणतात, घरातच असतात), पुढं अन्नासाठी नळी घालायची की नाही हे नाना बोलू शकतात तोवर त्यांनाच विचारणं, आणि उचलून उचलून कंबर गेलेल्या आईला कोणीतरी तुम्ही कशा आहात म्हणणं.

खानदेशातल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या सरकारी दवाखान्यांत महिन्यातून एक दिवस एक डॉक्टर, एक नर्स, एक फिजिओ बसवा, मधे फोनवर विचारता यावं, एवढंच मागणं आहे. फक्त बाजाराचा वार नको, त्या दिवशी गाडीत उभं राहायला जागा नसते.

आपला एक वाचक,
ता. चोपडा, जि. जळगाव