चुंबनाला कात्री, पेटीला मोकळीक

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुपरहिरोंचे सिनेमे आणि मोबाइल गेम यांनी मुलांची डोकी कशी फिरवली आहेत यावर पानभर लेख आला होता. लेखकांनी दोन्ही एकाच माळेचे मणी ठरवले आणि पालकांनी मोबाइल काढून घ्यावा असा सल्ला देऊन ते मोकळे झाले. माझं कराडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि सुपरहिरोंचे सिनेमे काढणाऱ्या मार्व्हल कंपनीचा २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून एकही सिनेमा मी सोडलेला नाही. म्हणजे लेखातल्या बिघडलेल्यांपैकी मी एक, आणि ज्या यंत्राने बिघडवलं ते नीट करून पोट भरणाराही मीच. त्यामुळे चार शब्द लिहितोय. जागा कमी असेल तर खुशाल कापा, पण गेममध्ये विकल्या जाणाऱ्या पेट्यांबद्दलचा भाग ठेवा.

लेखात सुपरहिरो म्हणजे 'उडणारे आणि आपटणारे लोक' एवढंच आहे. मला आयर्न मॅन आवडला तो उडतो म्हणून नाही. अफगाणिस्तानातल्या एका गुहेत कोंडलेला माणूस क्षेपणास्त्रांचे भाग सुटे करतो, पत्रा तापवतो, हातोड्याने ठोकतो आणि त्यातून चिलखत उभं करतो. कुणी वर दिला नाही की कुठला कोळी चावला नाही, हातात कसब होतं म्हणून सुटला. मी तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात हाताखाली होतो, नोकियाच्या मदरबोर्डवर हॉट एअर गन किती लांब धरायची ते शिकत होतो. आमच्या धंद्यातला माणूस पडद्यावर हिरो झालाय असंच मला वाटलं. तो मूळचा अब्जाधीश आणि शस्त्रं विकणारा, हे पुढे खटकलं. पण गुहेत होता तोवर तो कारागीरच होता.

अकरा वर्षांनी, २६ एप्रिल २०१९ ला, 'एंडगेम' आला. आम्ही चौघं दुकानं बंद ठेवून कोल्हापूरला गेलो. सिनेमा १८१ मिनिटांचा. ज्यांनी हे सिनेमे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: मार्व्हलच्या सिनेमात नावांची पाटी संपल्यावर आणखी एक छोटा प्रसंग असतो, पुढच्या सिनेमाचं गाजर. 'आयर्न मॅन'पासूनच ती रीत पडली. त्यामुळे झाडूवाला दारात येऊन उभा राहतो तरी लोक खुर्ची सोडत नाहीत. 'एंडगेम'ला तसा प्रसंगच नव्हता. सगळी नावं वर गेली आणि शेवटी नुसता हातोड्याचा आवाज आला, गुहेतला. माझ्या शेजारचा पोरगा म्हणाला, "संपलं की काय?" हो, संपलं होतं. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, मेला, कॅप्टन अमेरिका म्हातारा झाला, आणि आम्ही शेवटची एसटी गाठायला पळालो.

चांगला सिनेमा तुम्हाला घरी सोडतो. तिकिटाचे पैसे एकदाच घेतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता 'अजून आला नाहीस?' असं विचारत नाही. आमच्या दुकानात येणाऱ्या पोरांच्या फोनवर मात्र दिवसभर तेच विचारणारे निरोप येत असतात. आज आलास तर बक्षीस, सलग सात दिवस आलास तर मोठं बक्षीस, एक दिवस चुकलास तर पुन्हा पहिल्यापासून. सिनेमा आणि गेम यांतला हा फरक लेखकांच्या नजरेतून सुटला.

अर्थात चाहता म्हणून मला सिनेमावाल्यांचाही राग आहे, आणि तो याच कारणाने. त्यांनी गेमवाल्यांची खोड उचलली. मार्व्हलच्या पहिल्या टप्प्यात २००८ ते २०१२ या चार वर्षांत सहा सिनेमे आले. चौथ्या टप्प्यात, २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत, सात सिनेमे, आठ मालिका आणि वर दोन विशेष भाग. २०२३ चा 'द मार्व्हल्स' नीट कळायला आधीचा एक सिनेमा आणि दोन मालिका पाहिलेल्या असायला हव्यात. हा अभ्यास झाला, करमणूक नाही. मी तो केला, पण बायकोने नाही केला, आणि तिला शेजारी बसून कानात कोण कोणाची कोण ते सांगताना माझाच सिनेमा बुडाला. तो सिनेमा मार्व्हलचा सगळ्यात कमी कमाईचा ठरला. मार्व्हलची मालक कंपनी डिस्ने, तिच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, बॉब आयगर यांनी, त्याच वर्षी कबूल केलं होतं की माल जास्त काढल्याने लक्ष विखुरलं.

आणि मेलेले परत आणायची खोड! 'लोगन' हा २०१७ चा सिनेमा मी या सगळ्या पसाऱ्यातला सर्वांत चांगला मानतो. थकलेला, खोकणारा सुपरहिरो वुल्व्हरिन, आणि शेवटी त्याच्या थडग्यावरचा क्रॉस आडवा करून त्याचा 'एक्स' (त्याच्या 'एक्स-मेन' टोळीची खूण) करणारी मुलगी. २०२४ मध्ये 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'च्या पहिल्याच प्रसंगात तेच थडगं उकरलं. हसलो मी, खोटं कशाला बोलू, पण चिडून हसलो. त्याच वर्षी टोनी स्टार्कवाले रॉबर्ट डाउनी ज्युनियर परत येणार, आता खलनायक डॉक्टर डूम म्हणून, असं जाहीर झालं. मी पहिल्या दिवशी जाणार हे नक्की आहे. तरीही म्हणतो, मेलेल्याला मेलेलं राहू द्या.

आता गेमबद्दल. सगळे गेम वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही, कारण दुपारी गिऱ्हाईक नसताना मी स्वतः 'मार्व्हल स्नॅप' खेळतो. २०२२ मध्ये आलेला पत्त्यांचा खेळ आहे. बारा पत्ते, तीन जागा, सहा फेऱ्या, तीन जागांपैकी दोन जिंकायच्या. डाव तीन-चार मिनिटांत उरकतो. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला चहा संपायच्या आत समजेल. मधेच 'स्नॅप' करून डाव दुप्पट करता येतो. हातात काही नसताना केलं आणि समोरचा घाबरून पळाला की जी मजा येते ती वेगळीच. पत्ते बनवणाऱ्याने सिनेमे आणि कॉमिक्स मन लावून पाहिली असणार. वुल्व्हरिनचा पत्ता नष्ट केला तर तो कुठल्या तरी जागी परत उगवतो. हल्कच्या पत्त्याला सुरुवातीला कसलीही युक्ती नव्हती, किंमत सहा, ताकद बारा, बस्स. आमच्या आईने हल्कला पडद्यावर पाहून "याला डोकं नाही, नुसतं अंग आहे" म्हटलं होतं, त्या पत्त्यावर तेच लिहिलं होतं म्हणा. नवे पत्ते मिळवायला या खेळातही पैशांचा मोह आहेच. पण डाव मांडल्यावर पैसे टाकून फेरी जिंकता येत नाही.

दुकानात दिसतं ते निराळं. शाळा सुटली की पोरं येतात, "मामा, रिडीम कोड द्या, दोनशेचा." (गेममध्ये खर्चायचे पैसे भरायचा हा कोड.) कुणाला अंगठ्यात घालायचे स्लीव्ह हवे असतात, कुणाचा फोन तापून बंद पडलेला असतो, कुणाच्या डिस्प्लेचा खालचा डावा कोपरा टच घेत नाही, कारण सगळी चालण्याची बटणं तिथेच असतात. हे सगळं मी विकतो आणि दुरुस्त करतो. ती पोरं मला वाईट वाटत नाहीत. एकमेकांना हाका मारत, शिव्या घालत चौघं मिळून खेळतात, आम्ही विटी-दांडूला तेच करत होतो. माझा आक्षेप पेटीला आहे.

पेटी म्हणजे काय ते लेखकांनी एकदा बघून घ्यावं. माझा भाचा नववीत आहे. त्याला एका खेळातला एक पोशाख हवा होता. पोशाख सरळ विकत मिळत नाही, पेटी विकत घ्यायची, ती फोडायची आणि आत काय निघतं ते पाहायचं. पेटी उघडताना सोनेरी प्रकाश पडतो, ढोल वाजतो. निघतात बॅगेचे रंग, पॅराशूटचे रंग आणि कसले तरी 'तुकडे'. पुरेसे तुकडे जमले की पुन्हा एक पेटी. बहिणीने वीजबिल भरायला त्याला यूपीआयचा पिन शिकवला होता, त्याच पिनने शंभर, ऐंशी, दोनशे असे पैसे जात राहिले. मोठी रक्कम एकदम गेली असती तर तिला तेव्हाच कळलं असतं. पोशाख शेवटपर्यंत निघाला नाही. खेळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाचं लिहिलं तर बाकीचे साव ठरतील.

आता गंमत पाहा. जुलै २०२५ मध्ये नवा 'सुपरमॅन' आला. आपल्या सेन्सॉर बोर्डाने त्यातलं सुपरमॅन आणि लोईस लेनचं चुंबन कापलं. ३३ सेकंद! सिनेमाला 'यूए १३+' असं प्रमाणपत्रही दिलं. म्हणजे माझ्या भाच्याने काय किती सेकंद बघावं याची मोजदाद करणारं कार्यालय देशात आहे, आणि त्याने किती पेट्या फोडाव्यात हे मोजणारं कुणी नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला हे मला माहीत आहे. पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ त्याने बंद केले, ते बरंच झालं; रमीपायी नवा फोन आठवड्यात विकायला आणलेली माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत. पण पेटीतून पैसे निघतच नाहीत, चित्रं निघतात. म्हणून तो जुगार नाही म्हणे. बेल्जियमने २०१८ मध्ये विकतच्या पेट्या जुगारातच धरल्या. ॲपलने २०१७ मध्ये नियम केला की पेटीत कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, ते विकण्याआधी सांगितलं पाहिजे. सांगतातही. एका कोपऱ्यात बारीक 'आय' असतं, ते दाबलं की इंग्रजीत कोष्टक उघडतं आणि त्यात दशांश चिन्हानंतरचे आकडे असतात. नववीतल्या पोराला टक्केवारी येते, पण ते 'आय' दाबायला त्याला कोण सांगणार? ते कोष्टक मराठीत, ठळक अक्षरात, पैसे द्यायच्या बटणाच्या वर छापायला लावा. सिगारेटच्या पाकिटावर छापायला लावलंच ना?

बंदीने काही होत नाही, हे मी धंद्यातून सांगतो. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी बंद झाला. पुढच्या वर्षी तोच नाव बदलून बीजीएमआय म्हणून आला, २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला, २०२३ मध्ये पुन्हा आला. फ्री फायर २०२२ च्या फेब्रुवारीत बंद झाला आणि त्याचा भाऊ फ्री फायर मॅक्स चालू राहिला. मधल्या काळात पोरं मला "मामा, एपीके टाकून द्या" म्हणत यायची, म्हणजे ॲप स्टोअरला वळसा घालून फोनमध्ये गेम टाकायची फाइल. मी दिली नाही, तर दुसरीकडून टाकून घेतली आणि सोबत व्हायरस घेऊन माझ्याकडेच परत आली.

लेखात शेवटी 'आपल्या मातीतले नायक कुठे आहेत' असा सुस्काराही आहे. केरळात आहेत. 'मिन्नल मुरली' पाहा, २०२१ चा. खेड्यातल्या शिंप्यावर वीज पडते आणि गावातल्याच चहाच्या टपरीवर राबणाऱ्यावरही. हिरो आणि खलनायक एकाच विजेतून निघाले. खलनायकाचं प्रेम पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. २०२५ मध्ये त्यांनी 'लोका'मध्ये नीली या यक्षिणीच्या लोककथेतून नायिका उभी केली. आपण २०१५ मध्ये श्रेयस तळपदेंना घेऊन 'बाजी' केला आणि थांबलो. वेताळ आपला, हडळ आपली, मुंजा आपला, आणि मुंजावर सिनेमा निघाला तो हिंदीत. २०२३ चा ॲनिमेशनमधला स्पायडरमॅन मराठीतही डब झाला होता, त्यात पवित्र प्रभाकर नावाचा पोरगा मुंबईसारख्या दिसणाऱ्या शहरात जाळी फेकत फिरतो. आमच्या गावात मराठी खेळ लागलाच नाही, हिंदीच पाहिला. गेमचं म्हणाल तर 'इंडस' हा बॅटल रॉयल, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला असा पब्जीच्या जातीचा गेम, पुण्याच्या कंपनीने बनवलाय. त्यावर आपल्या पेपरात पानभर काही आल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

एक सूचना करतो. आपल्याकडे शुक्रवारी सिनेमांची परीक्षणं येतात, तारे देता. त्याच पानावर दर आठवड्याला एका गेमसाठी लहानशी चौकट ठेवा. गेम कसा आहे हे दोन ओळींत, आणि खाली ठळक: फुकट किती खेळता येतो, पेट्या आहेत का, पेटीत हवी ती वस्तू निघण्याची शक्यता किती टक्के, खर्चाला कुलूप कुठल्या सेटिंगमध्ये लावायचं. माहिती काढायला माणूस नसेल तर दुपारी दोन ते चार मी मोकळा असतो, मानधन नको. पहिल्या आठवड्यात कोणता गेम घ्यायचा ते माझा भाचा सांगेल.

आपला,
एक वाचक
(मोबाइल दुरुस्ती व विक्री), कराड