सूचना : हॉटेलातला साबण-शाम्पू की घरचा?

सर्व सभासदांना नमस्कार. बॅगा भरण्याआधी एवढे वाचून घ्या.

साबण आणि शाम्पू बहुतेक हॉटेलांत असतोच, त्याचे ओझे नको. टूथब्रश, पेस्ट, कंगवा, दाढीचे सामान मात्र अनेकदा मागावे लागते, कधी मागूनही मिळत नाही. ते स्वतःचेच आणा. ज्यांना वासाच्या साबणाने खाज सुटते किंवा ज्यांनी केस रंगवले आहेत, त्यांनी नेहमीचेच वापरावे. परक्या गावी नवे प्रयोग कशाला?

विमानात हातातल्या बॅगेत द्रवपदार्थ असतील, तर बहुतेक आंतरराष्ट्रीय प्रवासात बाटली 100 मिलिलिटरपर्यंतचीच चालते. 200 ची अर्धी रिकामी बाटलीही अडवतात, कारण बघतात तो बाटलीचा आकार. टूथपेस्टही यातच धरतात. साबणाच्या वडीला हा नियम नाही. झाकण लावताना बाटली दाबून आतली हवा काढा. वर गेल्यावर तीच हवा फुगते आणि शाम्पू थेट कपड्यांवर!

खोलीतल्या छोट्या बाटल्या घरी नेल्या तर कोणी काही म्हणत नाही. भिंतीवरचे पंप आणि टॉवेल हॉटेलचे आहेत. (हे लिहावे लागते, काय करणार.)

– सहल समिती