बाबा, सही मी केली होती

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई रडते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहितेय. आई, वाचून दाखव त्यांना, मधलं गाळू नको.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, डावा हात असाच लोंबकळत राहायचा होता तर माझं डोकं उघडलंत कशाला. विचारा की, ऑपरेशनच्या कागदावर सही मीच केली, तुम्हाला न विचारता. अर्धांगाचा झटका आला त्या दिवशी तुम्ही चांगले बोलत होता, हुतात्मा एक्स्प्रेस लेट होती का म्हणून विचारलंत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. मेंदूचा मेलेला भाग सुजतो, २ ते ५ दिवसांत सूज सगळ्यात जास्त, आणि कवटी काही ताणत नाही, मग चांगल्या भागावर दाब, खाली श्वास चालवणाऱ्या भागावरही दाब. तुमच्याकडं टॉवेलच्या गठ्ठ्याची पट्टी कापली की तो कसा भसकन फुलतो, तसं मेंदूला फुलायला जागा करून दिली, उजवीकडचं १२ सेंटिमीटरहून मोठं हाड काढून.

हात परत येईल असं डॉक्टर म्हणालेच नव्हते. गेलेला भाग गेला, हे फक्त जीव वाचवायला, असं तोंडावर सांगितलं. ६० च्या आतल्या पेशंटचे युरोपातले २००७ चे आकडे पण सांगितले, वर्षभरानं ऑपरेशनशिवाय १०० त २९ जिवंत, ऑपरेशन केलेल्यांत ७८, पण त्यातले बरेच दुसऱ्याच्या आधारानं. तुम्ही ५८ चे. ४८ तासांच्या आत ठरवायचं होतं, दादा फोनवर गप्प, काका म्हणत होते सिद्धरामेश्वरावर सोडा. सोडलं की, आणि सही पण केली.

आई, बाबांच्या पोटात गाठ आहे म्हणून शेजारच्या काकूंना सांगू नको, अख्खी गल्ली कॅन्सर समजून बसलीय. बाबांच्याच कवटीचं हाड आहे ते, पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलेलं, नंतर परत बसवणार. तोवर उजव्या कुशीवर झोपायचं नाही आणि त्यांना चालवताना हेल्मेट घालायचं, गाडीचं नाही, फिजिओवाल्यांनी दिलंय ते.

बाबा, राग असेल तर शुक्रवारी समोर काढा, हुतात्मानंच येतेय. रात्र होईल, कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवा, भाजी नको.

तुमची,
ताई